गिरगावातला गाळा आणि त्याचं भाडं

१ सप्टेंबर १९४०. ही तारीख कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण गिरगाव, ठाकूरद्वार, लालबाग, दादर इकडच्या रस्त्यांवर आपण लहानपणापासून जी दुकानं बघत आलो त्यातली कितीतरी या एका तारखेच्या जिवावर उभी होती. १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला आणि त्यात ठरलं की जागेचं १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच स्टँडर्ड रेंट, मालकाला मनाला येईल तसं वाढवता येणार नाही. कायदा तात्पुरता होता म्हणे. तात्पुरता म्हणता म्हणता मुदतवाढ घेत घेत तो २००० सालापर्यंत चालला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या भाड्यावर लोक कलर टीव्ही, एसटीडी बूथ आणि मोबाइल रिचार्ज विकत बसले.

आता गिरगावातलं एखादं जुनं दुकान बंद झालं की लगेच फोटो फिरतो. खाली रडक्या इमोजी. कुणी लिहितो नवीन पिढीला किंमत नाही, कुणी परप्रांतीयांवर घसरतो, कुणी मॉलवर खापर फोडून मोकळा होतो. या सगळ्यात थोडंथोडं खरं असेलही, पण मूळ दुखणं वेगळंय असं मला वाटतं. बाजाराचा रस्ता बदलतो तो गाळ्याच्या हिशोबाने. गाळा किती फुटांचा, कुणाच्या नावावर, भाडं किती आणि तिथून तुम्हाला किती वर्षं कोणी उठवू शकत नाही, या चार गोष्टी ठरल्या की तिथे काय विकलं जाणार हे जवळजवळ ठरूनच जातं. गिऱ्हाइकाची आवड, फॅशन, भाषा हे सगळं त्यानंतर.

जेएसएस रोडने, म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ रोडने, ठाकूरद्वार नाक्यावरून प्रार्थना समाजाकडे चालत गेलात तर जुन्या हिशोबाची दुकानं अजून मधूनमधून दिसतात. शंभर-सव्वाशे फुटांचा गाळा, तोंडाला अरुंद आणि आत खोल, समोर एक लाकडी काउंटर, वर पोटमाळा ज्यावर चढायला भिंतीला टेकवलेली शिडी, आणि माळ्यावरून मुलगा डबा खाली टाकतो तो मालक न बघता झेलतो. जानवी, पंचांग, कापूर, अष्टगंध. शेजारी चष्मेवाला, त्याच्या शेजारी नुसते पेटी-तबला दुरुस्त करणारा, मग फरसाण, मग नाटकाचे कपडे भाड्याने देणारा. आजच्या भाड्यात तबल्याला शाई लावून देणारा माणूस दक्षिण मुंबईच्या मेन रोडवर एक महिना टिकेल का सांगा. तो टिकला कारण महिन्याची पावती काही शे रुपयांची होती. इराण्याकडे एका चहावर तास-दीड तास पेपर वाचत बसता यायचं, त्यावर आपण किती भरभरून बोलतो, इराण्याचा दिलदारपणा वगैरे. दिलदारपणा असेलच, पण टेबल तासभर अडवलं तरी नुकसान होणार नाही इतकं भाडं कमी होतं हेही आहेच ना.

पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी भरत होतं, आणि ते फक्त मालक नव्हते. मालकाला भाड्यातून रंगाचेही पैसे सुटेनात म्हणून त्याने इमारतीकडे बघायचं सोडून दिलं. लाकडी तुळया कुजल्या, गॅलऱ्या वाकल्या, मग १९६९ साली सरकारने जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून उपकर लावला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. साडेएकोणीस हजाराच्या वर इमारती त्यात आल्या. तेव्हापासून गिरगावकर, काळबादेवीकर आणि टेकू यांचा संसार सुरू आहे. दर पावसाळ्यात कुठेतरी एखादी इमारत बसते, माणसं मरतात, मंत्री येऊन जातात. त्यामुळे जुना कायदा किती छान होता असं मी म्हणणार नाही. सुप्रीम कोर्टानेही १९९७ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की इतकी वर्षं गोठवून ठेवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या नव्या कायद्यात दोन-तीन गोष्टी आहेत ज्यांनी रस्ता बदलला आणि त्यांच्याबद्दल कोणी इमोजी टाकत नाही. जुन्या भाडेकरूचं संरक्षण राहिलं, भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा मिळाली, पागडी, म्हणजे जागेचा ताबा मिळवायला भाड्याशिवाय द्यायची एकरकमी रक्कम, जी इतकी वर्षं टेबलाखालून चालायची ती कायदेशीर झाली. पण बँका, सरकारी कंपन्या, परदेशी कंपन्या आणि एक कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या लिमिटेड कंपन्या यांना संरक्षणातून बाहेर काढलं. हे न्यायाचंच होतं, मोठ्या बँकेने चाळीस सालच्या भाड्यावर का बसावं. पण त्याचा उलटा परिणाम बघा. मालकाला एखादा गाळा रिकामा मिळाला तर तो आता कुणाला देईल? छोट्या माणसाला भाडेकरू म्हणून घेतलं तर तो कायद्याने चिकटणार, कंपनीला दिलं तर बाजारभाव मिळणार आणि मुदत संपली की बाहेर. आणि छोट्यालाच द्यायचं असेल तर मग लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, नुसती ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी. अकरा महिने, तेहतीस महिने, फार तर साठ महिने, दरवर्षी भाडं वाढणार, डिपॉझिट वेगळं, मुदत संपली की शटर खाली.

म्हणजे एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेचे दुकानदार झाले. एक ज्याला कोणी हलवू शकत नाही आणि दुसरा ज्याला तीन वर्षांनी आपण इथे असू की नाही माहीत नाही. दुसरा माणूस काय विकेल? ज्यात पैसा पटकन सुटतो तेच. मोबाइल कव्हर, केक, मोमो, मग ते चालेनासं झालं की त्याच जागी चष्म्याची चेन किंवा नेल आर्ट. आपण म्हणतो हल्लीच्या दुकानदारांना धंद्याची आस्था नाही, ओळख ठेवत नाहीत, उधारीची वही ठेवत नाहीत. अहो, साठ महिन्यांच्या कराराचा माणूस उधारीची वही कुठल्या भरवशावर ठेवणार! उधारी द्यायला तुम्ही पण उद्या इथे असायला लागता आणि तो पण.

आता मराठी दुकानांचा विषय, कारण गिरगाव म्हटलं की तो येणारच. २०२२ साली कायदा बदलून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून सांगितलं, आणि लागल्या. चांगलं झालं, मला आवडतं देवनागरीत मोठ्या अक्षरात वाचायला. पण पाटी मराठी झाली म्हणून गाळा मराठी माणसाकडे राहिला असं काही झालेलं नाही. गाळा जातो तो कसा जातो? म्हातारे वडील गल्ल्यावर बसतात, मुलगा आयटीत ठाण्याला किंवा पुण्याला, मुलगी बाहेरदेशी, गिऱ्हाईक निम्मं डोंबिवली-बदलापूरला गेलेलं (त्यात माझं घरही आलं, आम्ही पण गिरगाव सोडूनच गेलेले), आणि पागडीचा गाळा विकला तर मालकाचा साधारण तिसरा हिस्सा देऊनसुद्धा हातात इतके पैसे येतात जितके दुकानातून पंधरा वर्षांत सुटणार नाहीत. मग ते विकतात. कोणी लुबाडत नाही, कोणी हाकलत नाही. सही स्वतःची असते. घेणारा गुजराती असो मारवाडी असो की मराठी, त्याने त्या भावाला घेतलेल्या जागेत जानवी विकून चालणारच नाही. इथे भाषेपेक्षा व्याजाचा हिशोब जास्त बोलतो, आणि हे बोलून दाखवलं की आपल्याकडे लोकांना राग येतो.

हं, एक मान्य करायला पाहिजे की सगळंच काही भाड्यामुळे होत नाही. खाडिलकर रोड, म्हणजे जुनी कांदेवाडी, ही लग्नपत्रिकांची गल्ली. मे महिन्याच्या लग्नांसाठी लोक पार कोकणातून यायचे, गठ्ठ्याने सॅम्पल बघायचे, गणपती कुठला टाकायचा यावर सासरमाहेरची भांडणं तिथेच दुकानात व्हायची. आता शंभरेक पत्रिका मानाच्या लोकांसाठी छापतात आणि बाकीच्यांना व्हॉट्सअपवर व्हिडिओ. गाळा फुकट दिला तरी हा धंदा पूर्वीसारखा व्हायचा नाही. अशी काही दुकानं त्यांच्या मरणाने मरतात आणि त्यांच्यासाठी छाती पिटून घेण्यात अर्थ नाही. गिरगावातच मॅजेस्टिक सिनेमा होता, देशातला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला तिथे लागला, आज त्या जागेवर शॉपिंग सेंटर आहे. रस्ता बदलतोच. १९६४ साली मुंबईतली ट्राम गेली तेव्हाही कुणीतरी म्हटलंच असेल की आता संपलं सगळं.

माझं म्हणणं जुनं दुकान जसंच्या तसं ठेवा असं नाहीये. दुकानं जातील, नवीन येतील. पण नवीन छोटं दुकान उघडता येईल अशी जागा त्या रस्त्यावर शिल्लक राहते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तिथेच सध्या सगळं घोडं पेंड खातंय. कारण आता रीडेव्हलपमेंट आलं.

उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचं रीडेव्हलपमेंट मुंबईच्या विकास नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली होतं, अनेक इमारती एकत्र करून क्लस्टर केलं तर ३३(९). हे आकडे गिरगावातल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहेत. राहणाऱ्यांना किमान ठरलेलं क्षेत्रफळ मिळतं, पूर्वी होतं त्यापेक्षा बहुतेक जास्तच, आणि दुकानदाराला मात्र जेवढं होतं तेवढंच. ठीक आहे, तेवढं तर तेवढं. पण कुठे? जुन्या चाळीला रस्त्याच्या बाजूने आठ-दहा शटर असायची. नवीन टॉवरला तळमजल्यावर पाहिजे मोठी संगमरवरी लॉबी, गाड्या आत जायला आणि बाहेर यायला रॅम्प, फायर इंजिनची जागा, सबस्टेशन, वर पाच-सात मजले पोडियम पार्किंग. मग उरलेल्या जागेत मोठ्या शोरूमसाठी एक सलग जागा कारण बिल्डरला ती विकायचीय, आणि जुने दुकानदार कुठेतरी कडेला, आतल्या पॅसेजमध्ये नाहीतर पहिल्या मजल्यावर. कागदावर फूट न् फूट बरोबर. धंदा शून्य. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या शॉपिंग सेंटरच्या आतल्या बोळात जाऊन बघा, पुढचे रस्त्यावरचे गाळे चालू आणि आत अर्धी कुलपं, एखादा अल्टर करणारा शिंपी, बाकी गोडाऊन. दुकानाचं क्षेत्रफळ मोजतात पण त्याचं तोंड कोणी मोजत नाही. रस्त्याकडे दहा फूट तोंड असलेला शंभर फुटांचा गाळा आणि पहिल्या मजल्यावरचा शंभर फुटांचा गाळा हे सारखेच धरणारा नियम ज्याने लिहिला त्याने आयुष्यात कधी दुकानातून नारळ विकत घेतलाय की नाही कोण जाणे.

आणि मधली वर्षं? इमारत पाडली ते नवीन उभी राहीपर्यंत चार वर्षं, सहा वर्षं, कधी बिल्डर अर्ध्यात हात वर करतो मग देवालाच माहीत. राहणारा माणूस भाड्याचे पैसे घेऊन विरारला राहून परत येऊ शकतो. दुकानाचं गिऱ्हाईक विरारला येत नाही. मेट्रो तीनच्या कामात जेएसएस रोडवर वर्षानुवर्षं पत्रे लागले होते, दुकानं जागेवरच होती तरी पत्र्यांमागे लपली म्हणून धंदा बसला, दुकानदारांच्या नाकीनऊ आले. मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, गिरगावला स्टेशन मिळालं, फायदा होईलच. पण ज्याचं दुकान पत्र्यांच्या वर्षांत बंद पडलं त्याला स्टेशनचा काय उपयोग, तो फायदा नवीन येणाऱ्याच्या भाड्यात जमा होणार.

सगळ्यात वाईट वाटतं ते जिन्याखालच्या माणसाचं. जुन्या चाळीत जिन्याखाली साडेतीन-चार फुटांच्या कपारीत एक माणूस असतोच, घड्याळवाला नाहीतर किल्लीवाला नाहीतर इस्त्रीवाला. आमच्या जुन्या चाळीखाली घड्याळवाला होता. काचेची छोटी पेटी, तिच्यात मखमलीवर पट्टे, डोळ्याला ते काळं भिंग लावलेलं, एक साठचा बल्ब वायरीने खाली ओढून घेतलेला, आणि त्याला उभं राहता यायचं नाही म्हणून दिवसभर एकाच बाजूला मान कललेली. वीज वरच्या बिऱ्हाडातून, भाडं मालकाच्या मुनिमाला रोख, पावती कधी मिळायची कधी नाही. चाळीतल्या चाव्या त्याच्याकडे, कुरिअर त्याच्याकडे, शाळेतून लवकर सुटलेलं पोर आई येईपर्यंत त्याच्यासमोर. आता सांगा, म्हाडाच्या भाडेकरूंच्या यादीत हा कुठे बसतो? पावती नाही, शॉप अॅक्टचा कागद असला तर असला. फेरीवाला म्हणावं तर २०१४ चा फेरीवाला कायदा रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी आणि हा इमारतीच्या आत. दोन्हीकडून बाहेर. इमारत पडताना वरचे सगळे फ्लॅटचा करार करून जातात आणि हा पेटी उचलून जातो. रस्ता बदलला तो खरा इथे, कारण त्याच्यासारखी चार फुटांची जागा टॉवरच्या नकाशात कोणी काढतच नाही. सिक्युरिटी केबिन काढतात.

भेंडीबाजारात निदान वेगळा प्रयत्न झाला. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ साली साडेसोळा एकरांचं क्लस्टर हाती घेतलं, सुमारे अडीचशे इमारती, ३२०० कुटुंबं आणि १२५० दुकानं, आणि दुकानं सुरुवातीपासूनच योजनेत धरली, म्हणजे घरं झाल्यावर उरेल तिथे कोंबू असं नाही. त्यालाही वेळ लागतोय, तिथेही तक्रारी आहेत, आणि एका समाजाचा ट्रस्ट मागे उभा आहे म्हणून ते जमतंय, गिरगावात असा कोण उभा राहणार हा प्रश्न आहेच. पण बाजार हा योजनेचा भाग आहे हे कुणाच्या तरी डोक्यात आलं तर काय फरक पडतो ते तिथे दिसतं. तिकडे पॅरिसची महापालिका तर २००४ पासून आपल्या कंपनीमार्फत तळमजल्याचे गाळे विकत घेते आणि पुस्तकवाले, कारागीर अशांना भाड्याने देते. आपली महापालिका देशातली सगळ्यात श्रीमंत म्हणवते. तिचे स्वतःच्या मंडयांमधले गाळे किती ओसाड पडलेत ते बघितलं की पुढचं बोलायची इच्छा होत नाही, पण बोललं पाहिजे.

आणखी एक नवीन पाहुणा आलाय, डार्क स्टोअर. दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या कंपन्यांची गोदामं आता गल्लीबोळातल्या गाळ्यांत घुसतायत. तीन-चार गाळे मधल्या भिंती पाडून एक करायचे, शटर अर्धं खाली, बाहेर तीस बाईक, आत जायला गिऱ्हाइकाला मनाई. कंपनी आहे, भाडं बक्कळ देते, मालक खुश. मी पण मागवतो, उगाच साधेपणाचा आव आणत नाही, रात्री साडेदहाला दूध संपलं तर कोण खाली उतरणार. पण रस्त्याच्या बाजूने बघितलं तर हे दुकान नव्हेच, ती भिंत आहे. तिच्यासमोर कोणी थांबत नाही, कोणी भाव करत नाही, म्हणून शेजारच्या फुलवालीचा धंदा पण उतरतो, कारण तिचं निम्मं गिऱ्हाईक वाण्याकडे आलेलं असायचं. शेजारच्या जिवावर चालणं हाच तर बाजाराचा धंदा.

म्हणून मला वाटतं मागायचंच तर नेमकं मागावं. हेरिटेज दुकान म्हणून पितळी पाटी आणि सत्कार नको, त्याने भाडं कमी होत नाही. रीडेव्हलपमेंटच्या परवानगीतच लिहा की जुन्या इमारतीला रस्त्याकडे जितकी शटर होती तितकी नव्या इमारतीला तळमजल्यावर रस्त्याकडेच पाहिजेत, आणि ते छोटे गाळे जोडून मोठे करता येणार नाहीत. म्हणजे जुना दुकानदार विकून गेला तरी (जाईलच, कारण मालकी हक्काचा गाळा हातात आला की स्वतः दिवसभर उभं राहण्यापेक्षा तो भाड्याने देणं जास्त परवडतं, हे मी नाकारत नाही) त्याच्या जागी येणारा पण छोटाच माणूस येईल, मोठ्या शोरूमला शंभर फुटांत काही करता येत नाही. छोट्या गाळ्यांपुरता लायसन्सचा करार दहा वर्षांचा करायची सोय द्या, भाडेवाढ आधीच ठरवून, मालकालाही खात्री आणि दुकानदारालाही. पाडकामाच्या वर्षांत त्याच गल्लीत फुटपाथच्या कडेला तात्पुरती दुकानं द्या, मेट्रोला पत्रे ठोकायला जागा मिळाली तशी यांनाही मिळेल.

मालक म्हणतील आमच्या जागेवर सरकारने किती वर्षं बंधनं घालायची. त्यांचा राग रास्त आहे, सत्तर वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा बाजार पदरमोड करून पोसला. पण रीडेव्हलपमेंटमध्ये जो जास्तीचा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, मिळतो तो सार्वजनिकच असतो की, रस्ता, पाणी, गटार सगळ्यांचं वापरून वर पन्नास मजले चढतात. त्याच्या बदल्यात खाली आठ शटर मागितली तर कोणी भिकेला लागत नाही.

सध्या सोसायट्यांच्या मिटिंगा होतात तिथे अर्धा तास कार्पेट एरियावर, अर्धा तास कॉर्पसवर (बिल्डरकडून मिळणारा निधी), पंधरा मिनिटं पार्किंगवर भांडण होतं, आणि तळमजल्याचा नकाशा बिल्डरचा माणूस प्रोजेक्टरवर दहा सेकंद दाखवून पुढे सरकवतो. त्याला तिथेच थांबवून विचारा, रस्त्याच्या बाजूला किती गाळे, प्रत्येकाचं तोंड किती फूट, आणि जिन्याखालच्या माणसाचं नाव कुठल्या पानावर आहे.